दिवा लागला… पण खरंच लागला का?

सोफ्यावर आडवं व्हायचं, हवेत एक हुकूम सोडायचा, हॉलमधली लाईट लागली की पाहुण्यांकडे हळूच बघायचं. स्मार्ट बल्बची ही मजा आता घरोघरी पोचली आहे. छानच आहे ती. पण मंडळी, ती विकत घेतलेली मजा आहे. बॉक्स उघडला, अ‍ॅप टाकलं, संपलं. कॉम्प्युटरला स्वतःच्या हाताने वायर जोडून, स्वतः लिहिलेल्या दोन ओळींवर एक एवढासा दिवा लावण्यात जो किक आहे, तो वेगळाच. दिवसभर स्क्रीनवरचे चौकोन इकडून तिकडे हलवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर फारच. कारण त्या क्षणी कॉम्प्युटर पहिल्यांदा काचेबाहेर येतो आणि खऱ्या जगातलं काहीतरी हलवतो.

या छंदातला सगळ्यात मोठा धडा मात्र हिंजवडीत नाही, हिंगोलीत शिकायला मिळतो. हो, हिंगोली! १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, वसमतच्या हळदीसाठी आणि संत नामदेवांच्या नर्सीसाठी ओळखला जाणारा मराठवाड्यातला जिल्हा. दूरवरून बटण दाबणं म्हणजे काय, हे तिथल्या शेतातली मोटार आणि तिथेच उभी राहत असलेली एक अजस्र प्रयोगशाळा मिळून आपल्याला समजावून सांगतात. पण आधी आपल्या टेबलापासून सुरुवात करू.

आउट ८८८, २५५

ज्यांनी नव्वदच्या दशकात किंवा दोन हजारच्या सुरुवातीला डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग केलं, त्यांना हे आकडे बघून गहिवरून येईल. तेव्हाच्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीला प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचं एक रुंद सॉकेट असायचं. पॅरलल पोर्ट. त्यातल्या २ ते ९ नंबरच्या आठ पिना डेटाच्या, १८ ते २५ नंबरच्या ग्राउंडच्या. प्रिंटर काढून टाकायचा, त्या आठ पिनांवर आठ एलईडी आणि आठ रेझिस्टर लावायचे आणि क्यूबेसिकमध्ये एकच ओळ लिहायची : आउट ८८८, २५५. आठही दिवे एकदम लख्ख!

८८८ हा त्या पोर्टचा पत्ता. २५५ म्हणजे बायनरीत आठ वेळा एक. १ लिहिला की फक्त पहिला दिवा. १७० लिहिलं की एक सोडून एक, ८५ लिहिलं की बरोबर उरलेले. या दोन आकड्यांमध्ये थोडासा वेळ ठेवून आलटून पालटून उड्या मारल्या की झाली गणपतीच्या मखराची पळती लायटिंग तयार. बायनरी नावाचं प्रकरण वर्गात तासभर फळ्यावर बघून जेवढं कळत नाही, तेवढं आठ दिव्यांत पाच मिनिटांत कळायचं.

पोर्टची ताकद बेताचीच, पाच व्होल्ट आणि काही मिलिअँपिअर. खरा बल्ब लावायचा तर मध्ये रिले हवा. आणि रिले ओढायला एक छोटी चिप, तिचं नाव यूएलएन २००३. पुण्यात बुधवार पेठेतली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरची कुठलीही इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली गाठायची, चिपचा नंबर लिहिलेला चिठोरा पुढे करायचा. काउंटरवरचा माणूस न बघता खोक्यात हात घालून ती काढून द्यायचा.

मग दोन गोष्टी घडल्या. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीने साध्या प्रोग्रॅमला थेट पोर्टवर लिहायला बंदी केली. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच, पण हौशी मंडळींची पंचाईत झाली. आणि यूएसबी आल्यावर लॅपटॉपच्या पाठीवरून ते पंचवीस पिनांचं सॉकेटच गायब झालं.

इटलीहून आलेली निळी पट्टी

ही कोंडी फोडली ती आर्डुइनोने. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावच्या डिझाइनच्या शाळेत हा बोर्ड जन्माला आला, तो इंजिनीअर नसलेल्या मुलांसाठी. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ओळीने पिना. आराखडा सगळ्यांना खुला, त्यामुळे त्याच्या नकला आज काही शे रुपयांत मिळतात. वाय-फाय हवं असेल तर ईएसपी ३२ नावाचा त्याचा भाऊबंद आहे. म्हणजे पॅरलल पोर्ट गेला, पण त्याचा आत्मा काडेपेटीएवढा होऊन परत आला.

पहिला प्रयोग सगळ्यांचा सारखाच असतो. पिनेतून २२० ओहमचा रेझिस्टर, पुढे लाल एलईडी, मग ग्राउंड. पाच व्होल्टमधले दोन एलईडी खातो, उरलेल्या तिनाला २२० ने भागा. जेमतेम १४ मिलिअँपिअर. एलईडी खूश, बोर्डही खूश. दुसरा प्रयोग रिलेचा. लॅपटॉपवर एक अक्षर दाबायचं आणि टेबलावर ‘टक्’ असा आवाज येतो. हा ‘टक्’ ऐकलेला माणूस पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही. ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला तो व्हिडिओ दाखवतोच दाखवतो.

आणि इथेच बहुतेक जण थांबतात. ‘झालं की! कॉम्प्युटरवरून दिवा लागला.’ पण खरी गंमत इथून पुढे आहे.

एक टिक आणि निळी टिक

समजा, तुम्ही ‘ऑन’ पाठवलं. रिले टक् वाजला. स्क्रीनवर हिरवं बटण झळकलं : दिवा चालू. पण बल्ब उडालेला असेल तर? होल्डरमध्ये सैल असेल तर? घरात लाईटच गेलेली असेल आणि तुमचा लॅपटॉप बॅटरीवर चालू असेल तर? स्क्रीन म्हणते उजेड आहे आणि खोलीत मिट्ट काळोख. कॉम्प्युटर खोटं बोलत नाहीये हो. त्याला माहीतच नाहीये. त्याने हुकूम सोडला आणि काम झालं असं धरून चालला.

व्हॉट्सअ‍ॅपच्या भाषेत सांगायचं तर ही नुसती एक टिक आहे. मेसेज निघाला एवढंच. समोरच्याने वाचला का, हे निळ्या टिकशिवाय कळत नाही.

दिव्याची निळी टिक अगदी स्वस्तात मिळते. एलडीआर नावाचा, पोटावर नागमोडी रेघ असलेला एक चिमुकला रेझिस्टर असतो. उजेड पडला की त्याचा अवरोध कमी होतो. त्याचं एक टोक पाच व्होल्टला, दुसरं आर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनेला आणि त्याच पिनेपासून दहा हजार ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. बस्स. आता बोर्ड तुम्हाला ० ते १०२३ मधला एक आकडा देतो. काळोखात लहान, उजेडात मोठा. म्हणजे हुकूम सोडल्यावर कॉम्प्युटर स्वतःच्या डोळ्याने बघू शकतो की दिवा लागला की नाही.

इथे एक धमाल प्रयोग करून बघा. ‘अंधार असेल तर दिवा लाव, उजेड असेल तर बंद कर’ असं लिहा आणि एलडीआरचं तोंड त्याच एलईडीकडे करा. दिवा वेड्यासारखा फडफडायला लागतो. लागला की स्वतःचाच उजेड बघून विझतो, विझला की अंधार बघून लागतो. बिचाऱ्याचा गोंधळ आपल्याच प्रतिबिंबावरून! आता हुकूम बदला. दिवा एकदम लावू किंवा विझवू नका. ठरलेल्या आकड्यापेक्षा उजेड कमी दिसला तर तेज थोडंसं वाढवा, जास्त दिसला तर थोडंसं कमी करा. इथेही पायऱ्या त्याच, ० ते २५५. दोन-तीन सेकंदांत दिवा शांत होतो. मोबाईलचा टॉर्च त्याच्यावर मारा, तो आपोआप मंद होतो. टॉर्च काढा, पुन्हा तेजाळतो. बघा, फरक पाहा, जरासं दुरुस्त करा, पुन्हा बघा. इंजिनीअर लोक याला फीडबॅक लूप म्हणतात. आजी दुधाच्या पातेल्यासमोर उभी राहून गॅस कमी-जास्त करते, तेही हेच.

रात्री दोनची मोटार

आता चला हिंगोलीला. टेबलावरच्या दिव्याचं हे तत्त्व तिथल्या शेतात माणसाच्या जिवाशी जाऊन भिडतं.

शेतीची थ्री फेज वीज म्हणजे काय, हे ज्यांचं गाव मराठवाड्यात आहे त्यांना सांगायला नको. दिवसातले ठरावीक तास, तेही आलटून पालटून. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की उठायचं, बॅटरी घ्यायची, बांधावरून चालत विहिरीपर्यंत जायचं, स्टार्टरचं बटण दाबायचं. वाटेत साप-विंचू, पायाखाली चिखल, ओल्या हाताखाली स्टार्टरची पेटी. आणि एवढं करून पोचावं तर एखादा फेज गायब. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. जिथे ती पोचते तिथे ही रात्रीची वारी सुटते. जिथे नाही तिथे बाबा अजूनही उठतात. पुण्यात बसलेल्या मुलाला ते सकाळी फोनवर कळतं.

यावर गावाने स्वतःच एक उपाय शोधला : ऑटोस्विच. वीज आली की मोटार आपोआप सुरू. झोपमोड नाही, बांधावरची खेप नाही. झकास! पण हा उपाय म्हणजे आपली ती एक टिक. ऑटोस्विचला एवढंच माहीत, वीज आली. शेजारच्या सगळ्यांच्या पेटीतही तोच ऑटोस्विच आहे, हे त्याला कुठून कळणार? वीज येते त्याच क्षणी एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम दम लावतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. डीपी बसते. कधी जळतेच. मग दुरुस्तीची वाट बघत सगळं शिवार कोरडं. म्हणूनच ‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असं महावितरण वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आलं आहे.

ऑटोस्विच लावणाऱ्याला दोष देऊ नका. रात्री दोनला सापाच्या वाटेवरून चालण्यापेक्षा तो बरा, हा हिशेब चुकीचा नाही. चूक यंत्राच्या अर्धवटपणात आहे. त्याला हात दिला, डोळे दिले नाहीत.

डोळे देण्याचं काम ज्यांनी केलं त्यात पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं नाव घ्यायलाच हवं. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्राने साध्या मोबाईलवरून शेतातली मोटार चालू-बंद करता येऊ लागली. २००९ मध्ये नोकियाच्या ‘कॉलिंग ऑल इनोव्हेटर्स’ स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. पण बक्षिसापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या यंत्राला तुम्ही विचारू शकता. शेतात वीज आहे का? मोटार खरंच चालू झाली का? उत्तर फोनवर मिळतं. नुसतं बटण लांबवलं नाही, निरोप परत आणायची सोय केली. शेतकऱ्याची खेप वाचते ती या परतीच्या निरोपामुळे. कारण खात्री नसेल तर मोटार फोनवरून लावूनही माणूस बघायला जाणारच.

आता तर मोटारीचा करंट मोजूनही बरंच काही कळतं. विहिरीतलं पाणी संपलं की पंपावरचा भार उतरतो आणि करंट घसरतो. ते ओळखून मोटार आपोआप बंद करता येते, वाइंडिंग वाचतं. तीनपैकी एक फेज गेला तरी तेच. आणि डीपीचा प्रश्न? प्रत्येक पेटीने वीज आल्यावर काही मिनिटं थांबायचं, पण प्रत्येकीने वेगवेगळी! सोसायटीच्या लिफ्टपुढे सगळे एकदम घुसत नाहीत, तसंच. कोडच्या दोन ओळींचं काम आहे.

औंढ्याजवळचा उजेड

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जाणारं, काळ्या दगडातलं कोरीव देऊळ. औंढ्याच्या परिसरातच आता उजेडाचं आणखी एक ठाणं होतं आहे. त्याचं नाव लायगो-इंडिया.

गोष्ट सुरू झाली १४ सप्टेंबर २०१५ ला. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती. अवकाशाला त्यामुळे आलेली लहर अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी त्या दिवशी पकडली. ११ फेब्रुवारी २०१६ ला ती जगाला सांगितली गेली आणि आठवड्याभरात भारत सरकारने तिसऱ्या लायगोला तत्त्वतः हिरवा कंदील दाखवला. एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी मिळाली. ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली आणि २०३० पर्यंत तो उभा करायचं ठरलं. पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग अशा चौघांचं हे काम आहे.

यंत्र सांगायला सोपं आहे. एक लेसर दोन भागांत वाटायचा. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या, हवा काढून टाकलेल्या दोन बोगद्यांतून पाठवायचा. टोकाच्या आरशांवरून परत आणायचा. दोन्ही किरण परत येऊन एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतील असं जुळवायचं. लहर आली की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो आणि अंधारात उजेड डोकावतो. ‘किंचित’ म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी.

आता सांगा, ज्या आरशाने एवढं सूक्ष्म मोजायचं तो स्थिर कसा ठेवायचा? रस्त्यावरचा ट्रक, वारा, लांबच्या समुद्राच्या लाटा, सगळ्यांनी जमीन सतत थरथरत असते. शांत जागा शोधत शोधत ही मंडळी हिंगोलीत आली खरी, पण २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली-नांदेडकडेही ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. जमिनीवर भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून ४० किलोचा आरसा काचेच्या तंतूंवर, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगतात. आणि त्यावर कॉम्प्युटर पहारा ठेवतात. सेकंदाला सोळा हजारांहून जास्त वेळा उजेड मोजायचा, फरक काढायचा, आरशाला हलकासा धक्का द्यायचा. पुन्हा मोजायचं.

ओळखीचं वाटतंय ना? तुमच्या टेबलावरचा तो फडफडणारा एलईडी आठवा!

ही नुसती उपमा नाही. लायगोच्या त्या लंबकांवर नजर ठेवणाऱ्या सेन्सरला ओसेम म्हणतात. त्याच्या पोटात काय असतं? एका बाजूला एलईडी, समोर फोटोडायोड आणि मध्ये लंबकाला जोडलेला एक छोटा पडदा. लंबक हलला की सावली सरकते, फोटोडायोडवरचा उजेड बदलतो, लंबक किती हलला ते कळतं. भोवतीच्या कॉइलमधून करंट सोडला की लोहचुंबकाला धक्का बसतो आणि लंबक जागेवर येतो. एक दिवा, एक डोळा, एक कॉइल. अर्थात त्यांच्या आणि आपल्या सामानाच्या दर्जात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण जात एकच. एवढंच काय, तिथल्या कंट्रोल रूममध्ये चालणारं लिनक्स आणि एपिक्स हे नियंत्रणाचं सॉफ्टवेअर कुणालाही फुकट उतरवून घेता येतं.

म्हणून वाटतं, औंढ्याच्या आसपासच्या शाळांमधल्या पोरापोरींच्या हातात आजच एक ब्रेडबोर्ड, चार एलईडी आणि दोन एलडीआर पडायला हवेत. २०३० नंतर त्या बोगद्यांना फक्त पीएचडीवाले लागणार नाहीत. वायर ओळखणारे, बिघाड शोधणारे, ‘स्क्रीन म्हणते चालू, पण खरंच चालू आहे का?’ असं विचारणारे लोक लागणार आहेत. ते जवळच्याच गावातले असले तर काय बहार येईल!

या वीकएण्डला ट्राय करा

काय घ्याल : आर्डुइनोसारखा एक बोर्ड, ब्रेडबोर्ड, मूठभर जम्पर वायर, चार एलईडी, २२० ओहमचे चार आणि दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर, एक एलडीआर. दोन पिझ्झांच्या पैशात सगळं बसतं.

काय कराल : शनिवारी दिवा लावा, रविवारी दिव्याला डोळा द्या. स्क्रीनवर दोन वेगळ्या ओळी दाखवा. ‘हुकूम : चालू.’ ‘दिसतंय : चालू.’ मग हळूच एलईडीची वायर उपटा आणि दुसरी ओळ बदलते का बघा. ती बदलली की तुमचा प्रोजेक्ट पास.

काय करणार नाही : रिलेचा कॉइल थेट बोर्डाच्या पिनेला जोडणार नाही. त्याला सत्तरेक मिलिअँपिअर लागतात, पिनेची ऐपत वीस-चाळीसची. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा तयार रिले मॉड्यूलच हवं. घरातल्या २३० व्होल्टला उघड्या वायरींनी हात लावणार नाही. आणि गावाकडच्या थ्री फेज स्टार्टरमध्ये तर वायरमन सोबत असल्याशिवाय बोटसुद्धा घालणार नाही.

गावी फोन कराल तेव्हा मात्र एक विचारून बघा. मोटार चालू झाली हे बाबांना घरबसल्या कळतं, की बघायला जावं लागतं? जावं लागत असेल, तर तुमचा पुढचा प्रोजेक्ट ठरला म्हणून समजा.